विमान उडते, घर बुडते

सकाळची जलद लोकल. डोंबिवलीला या गाडीत उभे राहण्यापुरती जागा मिळाली तरी माणूस देवाचे आभार मानतो. अशाच एका सकाळी माझ्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला, विशीबाविशीचा एक तरुण एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हातातील मोबाइलकडे एकटक पाहत होता. पडद्यावर काळ्या आकाशात लाल रंगाचे एक छोटे विमान वर चढत होते आणि त्याच्या शेजारी आकडा वाढत होता. १.२०, १.५५, १.९०... एकाएकी विमान दिसेनासे झाले. तरुणाने ओठ चावला आणि चारपाच सेकंदांत पुन्हा विमान उडू लागले. न राहवून मी विचारले, "काय खेळतोस रे?" त्याने मान वर न करताच सांगितले, "सोपं आहे काका. विमान उडून जायच्या आत पैसे काढून घ्यायचे. फक्त वेळेवर उतरता आलं पाहिजे, लोकलसारखं!"

त्याची उपमा मला दिवसभर छळत राहिली, कारण त्या एका वाक्यात या साऱ्या धंद्याचे यश आणि खेळणाऱ्याची फसगत दोन्ही सामावलेली आहेत. गर्दीच्या गाडीतून डोंबिवलीला उतरणे ही खरोखरच एक विद्या आहे. ठाणे सुटले की दाराकडे सरकायचे, कोणत्या बाजूला फलाट येणार हे ठाऊक असायचे, पायांत बळ ठेवायचे. हे सारे अनुभवाने जमते, कारण गाडी डोंबिवलीला थांबणार आहे हे आपल्याला आधीच माहीत असते. या खेळातील गाडी कुठे थांबणार हेही ती सुटण्यापूर्वीच ठरलेले असते. मात्र ते प्रवाशाला सांगितले जात नाही. मग येथे अनुभव कशाचा आणि कौशल्य कशाचे?

'कसे खेळायचे?' हाच सापळा

आज असंख्य तरुण हा खेळ कसा खेळायचा, कोणती 'युक्ती' वापरायची, विमान केव्हा पडेल हे कसे ओळखायचे, याचे धडे गिरवत आहेत. त्यांना उपदेशाचे डोस पाजण्याआधी त्यांच्याच प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणे आवश्यक आहे. कारण घरातील वडीलधारी मंडळी 'जुगार वाईट' एवढेच म्हणून थांबतात आणि मुलगा मनातल्या मनात म्हणतो, 'यांना यातले काही कळत नाही.'

तर खेळ असा आहे. जॉर्जिया या देशातील स्प्राइब कंपनीचा 'एव्हिएटर' हा या जातीचा सर्वांत गाजलेला नमुना. त्याच्या नकलाही उदंड झाल्या आहेत. प्रत्येक फेरीच्या आधी रक्कम लावायची. गुणक एकपासून चढू लागतो. दोनवर असताना पैसे काढले तर लावलेल्याच्या दुप्पट, दहावर काढले तर दसपट. पण पैसे काढण्यापूर्वी विमान उडून गेले तर लावलेली सगळी रक्कम गेली. विमान केव्हा जाणार हे संगणक यदृच्छेने ठरवतो. मागील फेरीचा पुढील फेरीशी काडीमात्र संबंध नसतो. सलग पाच वेळा विमान लवकर गेले म्हणून सहाव्या वेळी ते उंच जाईल, ही समजूत निव्वळ भ्रम होय. पैसे घेऊन 'पुढचा आकडा' सांगणारे जे गट आणि जी ॲप्स समाजमाध्यमांवर फिरतात, ती म्हणजे फसवणुकीवर रचलेली दुसरी फसवणूक. पुढचा आकडा खरोखर ठाऊक असणारा मनुष्य तो हजार रुपयांना विकत बसेल काय?

आता गणित पाहू. कंपनीच सांगते की लावलेल्या रकमेपैकी सरासरी ९७ टक्के रक्कम खेळणाऱ्यांकडे परत जाते. ऐकायला किती उदार! या हिशेबाने विमान दुपटीपर्यंत पोहोचण्याची शक्यता शंभरात साडेअठ्ठेचाळीस. म्हणजे शंभर रुपयांच्या २०० फेऱ्या खेळल्या आणि प्रत्येक वेळी दुपटीवर पैसे काढायचे ठरवले, तर सरासरीने ९७ वेळा जिंकणार आणि १०३ वेळा हरणार. निव्वळ तोटा ६०० रुपये, लावलेल्या २० हजारांच्या बरोबर तीन टक्के. कोणी म्हणेल, दुपटीचा मोह कशाला, दसपटीची वाट पाहू. तसे केल्यास हजार फेऱ्यांत ९७ वेळा ९०० रुपये मिळतील आणि ९०३ वेळा १०० रुपये जातील. मिळकत ८७ हजार ३००, गेले ९० हजार ३००. तोटा ३ हजार, म्हणजे पुन्हा लावलेल्या लाखाचे तीन टक्केच! लवकर उतरा की उशिरा उतरा, तिकिटाची किंमत तीच. 'वेळेवर उतरण्या'च्या ज्या कौशल्याचा तरुणांना अभिमान वाटतो, त्याचा अंतिम हिशेबावर कवडीचाही परिणाम होत नाही.

काही हुशार मंडळी 'दुप्पट करण्याची युक्ती' सांगतात. शंभर हरले की दोनशे लावायचे, ते हरले की चारशे; कधीतरी जिंकूच आणि सगळे वसूल होऊन वर शंभर मिळतील. युक्ती कागदावर मोहक दिसते. पण सलग दहा वेळा हार झाली तर १ लाख २ हजार ३०० रुपये गेलेले असतात आणि अकरावा डाव खेळायला आणखी १ लाख २ हजार ४०० हवेत. कशासाठी, तर शंभर रुपयांसाठी! सलग दहा वेळा हरणे दुर्मीळ असेल असे वाटते. परंतु तासाला २४० फेऱ्या या वेगाने अखंड खेळणाऱ्यावर अशी वेळ सरासरी साडेसहा तासांत एकदा येते. ज्याच्या खिशाला तळ आहे त्याने, ज्याच्या तिजोरीला तळ नाही त्याच्याशी असा खेळ मांडू नये, हे सांगायला गणितज्ञ कशाला हवा?

मटक्यापेक्षा वेगवान

डोंबिवली-कल्याणच्या जुन्या रहिवाशांना मटका नवा नाही. मुंबईच्या कापूस बाजारात न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या भावांवर पूर्वी आकडा लागत असे. १९६१ साली तो मार्ग बंद झाला आणि १९६२ मध्ये वरळीत कल्याणजी भगत यांनी, तर १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. 'कल्याण' मटक्याचे नाव आपल्या शेजारच्या कल्याण शहरावरून पडले असे अनेकांना वाटते. ते कल्याणजींच्या नावावरून आलेले आहे. गिरणी कामगाराच्या पगाराच्या पाकिटाला मटक्याने किती भोके पाडली, हे त्या पिढीच्या गृहिणींनी सोसले आहे.

आता तुलना करा. मटक्यात एका अंकावर सामान्यतः एकास नऊ मिळत. दहा अंकांपैकी एक, म्हणजे मटकेवाल्याचा वाटा दहा टक्के. विमानवाला तीनच टक्के घेतो, म्हणून तो अधिक सभ्य ठरतो काय? मटका दिवसातून दोनदा उघडे, 'ओपन' आणि 'क्लोज'. दोन्ही वेळा शंभर रुपये लावणाऱ्याचे दिवसाकाठी सरासरी वीस रुपये जात. विमान मात्र दर पंधरा सेकंदांनी उडते असे धरले तरी तासात २४० फेऱ्या होतात. दर फेरीला शंभर रुपये म्हटले तर तासाभरात २४ हजारांची उलाढाल आणि सरासरी ७२० रुपयांचा तोटा. रोज जाता-येता दोन तास खेळणाऱ्या नोकरदाराचे महिन्याच्या पंचवीस दिवसांत ३६ हजार रुपये! कित्येक घरांत तेवढा महिन्याचा पगारही येत नाही. मटक्याला निदान अड्डा होता. तेथे जाताना ओळखीचे कोणी पाहील ही लाज होती. आजचा अड्डा उशीखाली झोपतो. लाज नाही, अंतर नाही, आणि रात्रीची बंदी नाही.

शिवाय या खेळाची रचनाच मनुष्यस्वभावाच्या दुबळ्या जागा हेरून केलेली आहे. पडद्याच्या कडेला इतर खेळणाऱ्यांच्या जिंकलेल्या रकमा सतत झळकत असतात. विमान गेल्यावर 'एक क्षण आधी बोट दाबले असते तर' ही हळहळ लागते आणि हार ही हार न वाटता थोडक्यात हुकलेला विजय वाटू लागते. 'बक्षीस' म्हणून खात्यात टाकलेली रक्कमही अशीच. समजा हजार रुपये भरल्यावर हजार रुपये बक्षीस मिळाले, पण ते काढण्यापूर्वी ४० हजारांची उलाढाल करण्याची अट असली, तर तेवढ्या उलाढालीत सरासरी १२०० रुपये गेलेले असतात. बक्षीस देणाऱ्याने दोनशे रुपये वर कमावले! आणि हे सारे प्रामाणिक खेळाचे गणित झाले. परदेशात नोंदलेल्या आणि रोज नाव बदलणाऱ्या नकली संकेतस्थळांवर ९७ टक्क्यांचीही हमी नसते आणि जिंकलेले पैसे हाती पडतीलच याचीही नसते.

विदर्भात घडलेले एक प्रकरण विसरता येणार नाही. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार नोंदवली. तक्रारीनुसार त्याला मोबाइलवर एक दुवा पाठवण्यात आला, खात्यात आधीच आठ लाख रुपये जमा दिसत होते आणि आरंभी तो जिंकतही गेला. पोलिसांनी गोंदियात छापा घातला तेव्हा कोट्यवधींची रोकड, सोने आणि चांदी हाती लागली. पैशाचे व्यवहार कळणाऱ्या व्यापाऱ्याची ही गत, तर कॉलेजात शिकणाऱ्या मुलाची काय कथा?

द्यूताची परंपरा आणि तिचा इशारा

'जुगार तर महाभारतातही होता,' असे या धंद्याचे समर्थक हसत हसत सांगतात. होता ना! पण महाभारताने द्यूताचे काय फळ दाखवले? धर्मराजाने राज्य, भाऊ, स्वतःला आणि अखेर द्रौपदीला पणाला लावले, हा भाग सर्वांच्या तोंडी आहे. त्याहून भयंकर भाग पुढचा. धृतराष्ट्राने सारे परत दिले, पांडव सुखरूप इंद्रप्रस्थाकडे निघाले आणि वाटेतूनच निरोप आला की पुन्हा एकदा खेळू. धर्मराज परतला! अनुद्यूतात तो पुन्हा हरला आणि बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास पदरी पडला. गेलेले परत मिळाल्यावरही पुन्हा पटाकडे वळणारा तो पाय आजच्या कोणत्याही व्यसनमुक्ती तज्ज्ञाला ओळखू येईल. आणि द्यूतसभेत शकुनीचे कसब तरी होते. अक्षविद्या नावाची काही विद्या होती, ती ऋतुपर्णाकडून नलाने मिळवली. विमानाच्या खेळात शिकण्याजोगी विद्याच नाही, केवळ शकुनी आहे.

त्याही आधी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात एक जुगारी आपली व्यथा सांगतो. पत्नी दुरावली आहे, सासू द्वेष करते, आईबाप आणि भाऊ ओळख नाकारतात, तरीही फाशांचा आवाज आला की पाऊल तिकडेच वळते. सूक्ताच्या शेवटी त्याला फासे टाकून शेती कर, असा उपदेश आहे. मनूने तर द्यूत राज्यातून हद्दपार करावे असे राजाला सांगितले. कौटिल्याने वेगळा मार्ग धरला हे मान्य केले पाहिजे. त्याने द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एकाच ठिकाणी आणला आणि जिंकलेल्या रकमेचा पाच टक्के वाटा राज्याला ठरवला. आज 'बंदी नको, नियमन करा आणि कर घ्या' म्हणणारे कौटिल्याचा दाखला देतात. पण कौटिल्याचा हेतू गुप्त व्यवहार करणारे लोक राज्याच्या नजरेखाली आणणे हा होता. ज्याचा मालक परदेशात आणि अड्डा प्रत्येक खिशात, अशा खेळावर कोणता द्यूताध्यक्ष नजर ठेवणार?

हाच प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एकदा वेगळ्या रूपात आलेला होता. मुंबई राज्यात वृत्तपत्रातून बक्षीस स्पर्धा चालवणारी आर.एम.डी. चमारबागवाला यांची संस्था होती. तिचे पत्र छापले जाई बंगळूरमध्ये आणि कूपने भरून पाठवीत मुंबईकर. आम्ही राज्याबाहेरून काम करतो आणि व्यापाराचे स्वातंत्र्य आम्हाला घटनेनेच दिले आहे, असा तिचा पवित्रा होता. १९५७ साली सरन्यायाधीश सु. रं. दास यांच्या नेतृत्वाखालील पीठाने ऋग्वेदापासून कौटिल्यापर्यंतचे दाखले तपासून निर्णय दिला की जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हेच, आणि पैसा जेथून गोळा होतो त्या राज्याचा अधिकार छापखाना बाहेर आहे म्हणून संपत नाही. त्या दिवशी छापखाना बंगळूरला होता, आज सर्व्हर समुद्रापार आहे. युक्तिवाद मात्र तोच आहे आणि त्याचे उत्तरही तेच आहे.

सत्तेने स्वतःकडेही पाहावे

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद वा एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. त्याच्याकडे बळी म्हणून पाहिले आहे. सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी सुमारे २० हजार कोटी रुपये अशा खेळांत गमावतात, असा सरकारी सूत्रांचा तेव्हाचा अंदाज होता. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधीच अमलात आला नव्हता. तो रद्द करण्याचा निर्णयही राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. या पावलांचे स्वागत केलेच पाहिजे.

परंतु स्वागत म्हणजे डोळे मिटणे नव्हे. कायदा येईपर्यंतची कित्येक वर्षे चित्रपटांतील नट आणि क्रिकेटचे वीर पैशांच्या खेळांच्या जाहिराती करत होते. त्या वेळी कोणाची नीती झोपली होती? ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांच्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर घेतला गेला. तिजोरीत कर पडू लागला की निषेधाचा सूर खाली येतो, हा सत्तेचा जुना रोग आहे. महाराष्ट्र शासनाने स्वतः १९६९ मध्ये लॉटरी सुरू केली, हेही आपण विसरू नये. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत राज्यभर फिरली. त्यांनी आरोप नाकारला. त्यानंतर त्यांचे कृषी खाते काढून घेण्यात आले आणि त्यांना खाते देण्यात आले ते क्रीडा! यावर कोणी अधिक भाष्य करण्याची गरज आहे काय?

आणि बंदीची मर्यादाही ओळखली पाहिजे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे. त्याच्या डोळ्यांदेखत मटका जन्मला, वाढला आणि कोट्यवधींचा झाला. एक संकेतस्थळ बंद केले की दुसऱ्या नावाने दोन उघडतात. कायद्याने दुकानाला कुलूप लागेल. गिऱ्हाइकाची ओढ कुलपाने थांबत नाही.

उंबरठ्याच्या आत

आमच्या परिचयातील एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशांचा पैन् पै हिशेब चोख ठेवला. त्याच्याच मुलाने आईच्या नावची मुदत ठेव मोडली आणि ते घरात कळले तेव्हा ठेवीतले काही उरले नव्हते. "त्याने मागितले असते तर मी दिले असते," असे ते गृहस्थ पुनःपुन्हा म्हणत होते. मला त्या वाक्यात राग दिसला नाही. आपला मुलगा आपल्याशी बोलला नाही, ही खंत दिसली. ठेव पुन्हा साठेल, ते अबोलपण कसे भरून निघणार?

म्हणून पहिले काम घरात आहे. मुलाला चोर ठरवून त्याचे तोंड बंद करू नका. त्याच्या शेजारी बसून वरचे गणित कागदावर मांडा. २०० फेऱ्या, ९७ जय, १०३ पराजय. उपदेश तो टाळील, हे गणित त्याला टाळता येणार नाही. गेलेले पैसे भरून काढण्यासाठी 'शेवटचा एकदा' खेळू देऊ नका, तेच अनुद्यूत आहे. त्याचे कर्ज गुपचूप फेडून प्रकरण मिटवू नका. कर्ज फेडायचेच असेल तर घराचे व्यवहार काही काळ दोघांच्या सहीने चालतील अशी व्यवस्था करा. आपले बँक खाते 'भाड्याने' देण्याच्या आमिषाला मुलगा बळी पडला नाही ना, हे विचारा, कारण तेथून पोलीस चौकशी थेट आपल्या दारात येते. फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करा. मन ढासळले असेल तर १४४१६ या टेलिमानस सेवेवर बोला. खेळणाऱ्याला नव्या कायद्यात शिक्षा नाही, तेव्हा भीतीपोटी गप्प बसू नका.

दुसरे काम गावाचे. नोकरदारांच्या छोट्या छोट्या बचतीवर १९७० साली डोंबिवली नागरी सहकारी बँक उभी राहिली, ती याच शहरात. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये सुरू झाली, तीही येथेच, आणि नंतर ती महाराष्ट्रभर पसरली. ज्या शहराने बचतीची आणि उत्सवाची अशी रीत घालून दिली, त्याला या विमानाविरुद्ध एक चित्ररथ काढता येणार नाही काय? गणेशोत्सवाच्या मांडवात गणिताच्या एखाद्या शिक्षकाला तासभर बोलवता येणार नाही काय? सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवर दोन तास भांडणाऱ्यांना या विषयासाठी दहा मिनिटे काढता येणार नाहीत काय?

त्या तरुणाचे नाव मी विचारले नाही. घाटकोपरला गर्दी थोडी हलली, तेव्हा त्याच्या पडद्यावरील शिल्लक शून्यावर आलेली मला दिसली. त्याने मोबाइल खिशात ठेवला, क्षणभर खिडकीबाहेर पाहिले आणि पुन्हा बाहेर काढला. या वेळी तो खात्यात पैसे भरत होता. मी काही बोललो नाही. बोलायला हवे होते. आपल्या शेजारी असा कोणी उभा असेल, तर आपण तरी बोला.